एक्केचाळीस नंबरचा ट्रे

छापखान्याच्या कँटीनमध्ये तिला सगळे 'फोटोवाली ताई' म्हणत. काम तसंच होतं. काउंटरच्या शेवटी वर एक कॅमेरा टांगलेला होता. माणूस भरलेला ट्रे घेऊन त्याखाली आला की एक फोटो, आणि जेवून उष्टा ट्रे ठेवायला आला की दुसरा. चेहरा नाही, नाव नाही. ट्रेच्या कोपऱ्यात नंबराचं कार्ड तेवढं. माणसं काय खायचं ते कशावरून ठरवतात, यावर तिच्या सरांचं संशोधन चाललं होतं. भूक, सवय, चव हे सगळं आहेच, पण पदार्थ कुठे मांडलाय यावरही बरंच ठरतं, असं सरांचं म्हणणं. म्हणून पहिले दोन आठवडे काउंटर होतं तसंच ठेवलं, आणि तिसऱ्यापासून भाज्यांचं सूप आणि दही सुरुवातीला आणून भाजलेलं मटण नि तळलेले बटाटे पार टोकाला नेले.

सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बघायचं, बोलायचं नाही. तुम्ही विचारलंत की माणूस शहाण्यासारखं खायला लागतो, आणि आपली मेहनत पाण्यात."

तिनं बारा आठवडे तोंड उघडलं नाही. नाही म्हणायला वाढणाऱ्या मावशींशी हवापाण्याचं बोलायची, तेवढंच.

बाकीच्यांचे ट्रे थोडेफार बदलले, पण एक्केचाळीस नंबरनं कमाल केली होती. पहिल्या आठवड्यात मटण, जाड पावाचे तीन तुकडे, बटाटे. सातव्यात सूप आणि अर्धा पाव. बाराव्यात नुसतं सूप, दही, केळं. सर आलेख बघून खूश झाले. "हा बघा आपला माणूस. सोमवारच्या सभेत याचे तीन फोटो लावा, पहिला, मधला, शेवटचा."

शुक्रवारी दुपारी ती फोटो निवडायला बसली. तिन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि जेवणाऐवजी तिची नजर कडेला गेली. प्रत्येक फोटोत ट्रे धरलेला हात मनगटापर्यंत आला होता. पहिल्यात घड्याळाचा चामडी पट्टा तिसऱ्या भोकात. सातव्या आठवड्यात शेवटच्या. बाराव्यात त्याच्याही पलीकडे एक नवीन भोक पाडलेलं, साफ, गोल, टोच्यानं पाडल्यासारखं. आणि तरीही घड्याळ हातावर लोंबत होतं.

तिनं उष्ट्या ट्रेचे फोटो उघडले. पाण्याचे पेले मोजले. आधी एक असायचा, मग दोन, आता चार. दह्याच्या वाटीत केळ्याचा अर्धा चावलेला घास परत टाकलेला. आपण ज्याला सुधारणा म्हणत होतो, ती बहुतेक सुधारणा नव्हतीच.

सरांना फोन केला. "दोनच आठवडे राहिलेत," ते म्हणाले. "आणि आपण कामगारांना लिहून दिलंय, नंबरामागचा माणूस आम्ही शोधणार नाही. तो शब्द मोडायचा का?"

"सर, शोधायला काही उरलंच नाहीये. मी त्यांना रोज बघते."

खरंच होतं ते. बाइंडर काका. पुस्तकं बांधणाऱ्या खात्यातले सगळ्यात जुने, मिशीवर कायम चिकटलेला कागदाचा कपटा. सोमवारी जेवणाची सुट्टी झाल्यावर ते खिडकीजवळच्या टेबलावर एकटे बसले, तशी ती कॅमेरा बंद करून त्यांच्या समोर जाऊन बसली.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"विचारा की. बारा आठवडे तुम्ही मुक्या होतात, मला वाटलं बोलताच येत नाही तुम्हाला."

"पाव घशाखाली उतरत नाही का हल्ली?"

त्यांचा चमचा सुपात तसाच राहिला. मग त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "दात दुखतो."

"दात दुखला की माणूस दर घासाला पाणी नाही पीत, काका."

त्यांनी आजूबाजूला बघितलं, कोणी ऐकत नव्हतं. आवाज खाली आणून ते छातीच्या मधोमध बोट ठेवत म्हणाले, "इथे अडकतं. आधी पाव अडकायचा, आता केळंसुद्धा. घरी सांगतो, कँटीनमध्ये दाबून जेवलो. इथे सांगतो, बायकोनं वजन उतरवायला लावलंय. दोन्हीकडे खपून जातं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. दाखवलं, आणि चार महिन्यांत गेला. मला कळून काय करायचंय, सांगा."

काउंटरमागून मावशी सगळं बघत होत्या. त्या हात पुसत आल्या आणि सरळ म्हणाल्या, "मी रोज याला मटण पुढे करते, हा रोज नको म्हणतो. मला वाटलं माझ्या हाताची चव गेली. महिनाभर मनाला लावून घेतलंय मी. चल, बायकोला फोन लाव."

"आत्ता?"

"मग काय पुढच्या जन्मी?"

काकांनी फोन लावला. पलीकडून इतकं बोलणं आलं, की त्यांनी फोन कानापासून लांब धरला.

संध्याकाळी तिनं सरांना जाऊन सांगितलं की नियम मोडलाय. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "सभेत मी ते फोटो दाखवले नाहीत," ते म्हणाले. "तुमच्या फोननंतर मीही पट्टा बघितला. एक्केचाळीस नंबर वगळा, आणि का वगळला तेही लिहा. हॉस्पिटलात सोबत कोण जातंय?"

"काकू. आणि मी, त्यांची हरकत नसेल तर."

काकूंची हरकत कसली. गुरुवारी हॉस्पिटलच्या बाकावर त्यांनी तिचा हात जो धरला, तो काका आतून बाहेर येईपर्यंत सोडला नाही. घशातून दुर्बीण घातली होती. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, सावकाश बोलायच्या. जुन्या आम्लपित्तानं अन्ननलिका एका जागी भाजून आकसलीय असं दिसतंय, त्या म्हणाल्या. फुग्यानं थोडी रुंद केलीय, पण तुकडा तपासायला पाठवलाय, त्याचा रिपोर्ट आल्याशिवाय मी काही म्हणणार नाही.

चार दिवस. त्या चार दिवसांत तिनं कँटीनमध्ये दोनदा चुकीचे नंबर लिहिले. रात्री अंथरुणावर एकच विचार यायचा: आपण बोललो नसतो तर काकांना अजून थोडे दिवस बिनघोर मिळाले असते का? मग स्वतःवरच चिडायची. बिनघोर कुठले, माणूस उपाशी होता.

मंगळवारी सकाळी साडेदहाला फोन आला. काकू होत्या. आधी नुसतं रडणं ऐकू आलं.

"काकू, काय झालं?"

"काही नाही," काकू हुंदक्यातून म्हणाल्या. "काही नाही निघालं गं. तसलं काही नाही. गोळ्या घ्यायच्या, आणि पुन्हा आकसलं तर पुन्हा फुगा घालायचा म्हणे." मग मागे वळून कोणावर तरी ओरडल्या, "हळू खा, कोणी पळवून नेत नाहीये."

तिचा जीव भांड्यात पडला. ती कँटीनच्या मागच्या पायरीवर मटकन बसली. मावशी धावत आल्या. तिच्या तोंडाकडे बघून त्यांना काय ते कळलं, आणि त्यांनी पदराआड तोंड घालून बराच वेळ नाक ओढलं.

काका पुढच्या सोमवारी कामावर आले. नंतरच्या फेरीसाठी सरांनी तिच्याकडून एक छोटा कागद बनवून घेतला. ट्रेबरोबर द्यायचा, वाटल्यास भरायचा. त्यावर एकच ओळ: आज हे का घेतलंत? पहिल्या दिवशी चोवीस कागद परत आले. कुणाला सुरुवातीलाच दिसलं म्हणून, कुणाला घाई होती म्हणून, एकानं लिहिलं होतं की समोरच्यानं घेतलं म्हणून. सरांचंही अगदीच चुकलं नव्हतं.

त्या दिवशी घरी जाताना तिला बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. उठवलं ते कंडक्टरनं, थेट शेवटच्या थांब्यावर. घर चार थांबे मागे राहिलं होतं. एरवी ती वैतागली असती. आज तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि ऊन होतं तरी चालत निघाली.