विंचरण्याची अकरा मिनिटं

आत्याच्या डोक्यावरचा रुमाल त्याने सोडला आणि त्याचा हात तिथेच थांबला. कमरेपर्यंत पोचणारी वेणी गेली होती. बोटभर केस उरले होते, तेही आडवेतिडवे.

"सिस्टरकडून कापून घेतले," आत्या म्हणाली.

सिस्टर टेबलापाशी औषधं लावत होती. घरोघर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांचं आंघोळपाणी बघणं हे तिचं काम. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. तीन महिन्यांपूर्वी तिच्याच संस्थेतला हाच माणूस कामाच्या वेळा मोजायला घड्याळ घेऊन आठवडाभर तिच्या मागे फिरला होता. आंघोळ नऊ मिनिटं, औषधं तीन, विंचरणं अकरा. विंचरणं कमी आणि गप्पाच फार, असा शेरा मारून त्याने ती अकरा मिनिटं काढून टाकली. दिवसाला दोन घरं जास्त होऊ लागली. वरच्या साहेबांनी पाठ थोपटली.

विंचरणं बंद झालेल्या घरांत आत्याचंही घर होतं. आई गेल्यावर याच बाईने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. तरी आपल्या माणसासाठी नियम वाकवला नाही, याचा त्याला तेव्हा कोण अभिमान वाटला होता! आता तो अभिमान आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

सिस्टरने पिशवी खांद्याला लावली. "येते, साहेब," म्हणून ती निघून गेली.

दार लागल्यावर तो धीर करून म्हणाला,

"आत्या, विंचरणं बंद करणारा मीच."

"ठाऊक आहे मला."

"सिस्टरने सांगितलं?"

"नव्या वेळांचा कागद तिने दाखवला, त्याखालची सही ओळखते मी. तुझं अक्षर मीच गिरवून घेतलंय." आत्याने रुमालाची घडी घातली. "ती पोरगी तरी विंचरायचीच. मग पुढच्या घरी उशीर, तिला बोलणी. आणि तुझा कागद खोटा पडायचा. म्हटलं, केसच नकोत."

उशाशी जुना कंगवा तसाच पडला होता. तो घेऊन तो तिच्या मागे बसला.

अर्ध्या मिनिटात विंचरून झालं.

"झालं का रे?" आत्याने विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा कपाळापासून सुरुवात केली.