पहिली टीप कपाळाला

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा उडवलं. कारण यात शेवटी पचका माझाच होतो आणि तोही आमच्या सगळ्या पोरांसमोर. पण हर्षला म्हणाली, "तू नाय लिहिलंस तर मी लिहीन, आणि मी तुला अजिबात सांभाळून घेणार नाय." म्हणून लिहितोय. फोनवरच, वेळ मिळेल तसं.

मी कमलेश. गाव कडाव. काम काय, तर डीलर. पत्ते वाटणारा.

कर्जत-खालापूरला फार्महाऊस आणि रिसॉर्ट ढीगभर. लग्न, साखरपुडा, कंपनीची पार्टी, काही असो, हल्ली तिथं 'कॅसिनो'ची टेबलं लावायची टूम निघालीय. खरा कॅसिनो नाही हां. पैसे लावायचे नाहीत. प्रत्येकाला सारख्याच खोट्या चिपा, म्हणजे पैशांऐवजी प्लॅस्टिकच्या चकत्या, द्यायच्या, शेवटी ज्याच्याकडं जास्त उरतील त्याला मिक्सर नाहीतर इस्त्री. ही टेबलं खालापूरचे वाल्मिकशेठ पुरवतात आणि टेबलामागं काळं जाकीट घालून आम्ही उभे.

पोकर मी फोनवर बघून शिकलो. आईचं गावात किराण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की तांदळाच्या पोत्यावर हिरवी चादर टाकायची आणि पत्ते वाटत बसायचं. आई म्हणायची, "जुगारी होनार हायस काय रं?"

म्हटलं, "जुगारी नाय गं. जुगाऱ्यांचा वाढपी."

मग मी इतरांना शिकवलं. गजाला, सहदेवला आणि कुंभिवलीच्या हर्षलाला. तिच्या बापाची हायवेला भज्यांची गाडी आहे. लहानपणापासून सुट्टे पैसे मोजून बोटं अशी चालतात की पहिल्याच आठवड्यात ती माझ्यापेक्षा सफाईनं पत्ते पिसायला लागली. मला ते आवडलं नव्हतं. खरं ते सांगतो.

आता टीपचं सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलं.

पोकरमध्ये ज्यानं डाव जिंकला तो एखादी चिप डीलरकडं सरकवतो. सक्ती नाही. डीलरनं मागायची नाही, आशेनं बघायचं नाही, नाही दिली तर तोंड वाकडं करायचं नाही. दिली तर ती टेबलावर दोनदा वाजवायची, टक टक, म्हणजे मागं लक्ष ठेवून उभ्या असलेल्या साहेबाला टीप आल्याचं न बघता कळतं. 'थँक यू' म्हणायचं, टीपच्या डब्यात टाकायची आणि हात रिकामे आहेत हे कळावं म्हणून दोन्ही तळवे उलटेपालटे करून दाखवायचे. डबा सगळ्या डीलरांचा मिळून एकच. हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकलो.

एक गोष्ट मात्र मी माझ्या मनानं घातली. आमची आई सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाची नोट कपाळाला लावल्याशिवाय गल्ल्यात टाकत नाही. भवानी ती. मग मीही टेबलावरची पहिली टीप कपाळाला लावायला लागलो आणि पोरांनाही तेच शिकवलं. चिप खोटी असली म्हणून काय झालं, पहिली ती पहिली. लग्नातल्या मावशा खूश व्हायच्या. "बघा हो, किती वळणाची पोरं!" मला वाटायचं, काय भारी शोध लावलाय आपण.

मार्चमध्ये वाल्मिकशेठनी सांगितलं, गोव्याच्या एका कॅसिनोतून रिया मॅडम येणार आहेत. खऱ्या कॅसिनोतून. मूळच्या पनवेलच्या, आठ वर्षं तिकडं. खालापूरजवळच्या रिसॉर्टवर रविवारी एका कंपनीची दुपारची पार्टी होती, तिथं त्या आमचं काम बघणार. जो पसंत पडेल त्याला तीन महिने शिकवणार, राहायला खोली, पगार आणि मग पक्की नोकरी.

हर्षलासाठी तो रविवार म्हणजे शेवटचा होता. तिच्या मामानं कुंभिवलीतल्याच एका कारखान्यात पॅकिंगचं काम बघून ठेवलं होतं. बापानं बजावलं होतं, "रविवारी झालं तर गोवा. नाय झालं तर सोमवारी कारखान्याचं गेट. मग ह्यो विषय परत काढायचा नाय." ती हो म्हणाली होती. ती एकदा हो म्हणाली की हो.

रविवारी अकराला माझं एक आणि हर्षलाचं एक, अशी दोन टेबलं सुरू झाली. गजा आणि सहदेव जेवणानंतर उभे राहणार होते. रिया मॅडम पाहुण्यांसारख्या हर्षलाच्या टेबलावर जाऊन बसल्या. ती पत्ते असे वाटत होती की प्रत्येक पत्ता ज्याच्या त्याच्या समोर जाऊन गप थांबत होता. चौथा डाव मॅडमनी जिंकला. त्यांनी एक लाल चिप सरकवली.

टेबलावरची ती पहिली टीप. हर्षलानं ती उचलली, कपाळाला लावली, टक टक केलं, डब्यात टाकली, तळवे दाखवले.

मॅडम उठल्या. "चिप घेऊन तुझा हात कुठं गेला?"

"कपाळाला, मॅडम."

"आमच्याकडं वर कॅमेरा असतो. त्याला तुझी भक्ती दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की डीलरचा हात चिप घेऊन तोंडाशी गेला. तिथून ती तोंडात जाते, कॉलरमध्ये जाते, केसांत जाते. टीपची चिप टेबल सोडून वर गेली की आम्ही ती चोरी धरतो. सॉरी."

कागदावर त्यांनी हर्षलाच्या नावावर रेघ मारली.

मग त्या माझ्या टेबलावर आल्या. माझी पहिली टीप एका टकल्या साहेबानं कधीच दिली होती. मॅडमची आली ती दुसरी. टक टक, थँक यू, डबा, तळवे. त्यांनी माझ्या नावापुढं बरोबरची खूण केली. "तू येतोयस."

दहा मिनिटं मी नुसता हवेत होतो. त्या दहा मिनिटांत मी हर्षलाकडं एकदाही बघितलं नाही.

जेवणाची सुट्टी झाली. वाल्मिकशेठ केटररला सांगत होते, "पोरगी चिप ढापताना सापडली. नाक कापलं माझं." हर्षला मागच्या नळापाशी उभी होती. तिनंही ते ऐकलं होतं. रडत नव्हती. जाकिटाची बटणं एकेक करून काढत होती.

"कमळ्या, कपाळाला लावायचं कोणी शिकवलं मला?"

"मी."

"मग तू कसा पास झालास रं?"

"माझी पहिली आधीच होऊन गेली होती."

ती म्हणाली, "जा, मॅडमला सांग. कारखान्यात जायचं तर जाईन मी. पण चोर म्हणून नाय जाणार."

सांगायचं म्हणजे माझी खूण जाणार. मला ते लगेच कळलं. म्हटलं, "जेवून सांगतो."

"आत्ता सांग. जेवलास की तुला झोप येते."

गेलो. मॅडमच्या ताटात जिलेबी होती. मी सगळं एका दमात सांगितलं. आईचं दुकान, भवानी, सगळं. त्या म्हणाल्या, "मैत्रिणीसाठी असं सगळेच सांगतात."

"मॅडम, आता गजाचं टेबल लागेल. सहदेवचं लागेल. दोघांची पहिली टीप अजून झाली नाही. तुम्हीच द्या आणि बघा. मी त्यांच्याशी एक शब्द बोलत नाही, इथंच बसतो."

त्यांनी जिलेबी संपवली आणि उठल्या. गजानं पहिली चिप घेतली, कपाळाला लावली. सहदेवनं तर कपाळाला लावून वर दोन्ही डोळ्यांनाही लावली. मॅडमनी रुमाल तोंडावर धरला. हसत होत्या.

"कोणी शिकवलं हे?"

दोघांनी एकदम माझ्याकडं बोट केलं. गजा म्हणाला, "आमचे उस्ताद."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "म्हणजे तूपण?"

"मीपण. तुमची दुसरी होती म्हणून वाचलो."

त्यांनी माझी खूण खोडली. मग वाल्मिकशेठना हाक मारली आणि केटररसमोरच सांगितलं, "त्या मुलीनं चोरी केलेली नाही. चुकीचं शिकलीय." शेठ म्हणाले, "मी कुठं म्हटलं चोरी?" केटरर छताकडं बघायला लागला.

"चार वाजता दोघं परत," मॅडम म्हणाल्या. "नवीन टेबल, पहिली टीप माझी. एकदाच."

दोन तास होते. स्वयंपाकघरामागं कोल्ड्रिंकचा क्रेट पालथा घालून आम्ही बसलो. मी चिप सरकवायचो, हर्षला उचलायची. दहापैकी सात वेळा हात वर जायचा. तिनं ओठ चावला.

"माझा बा एवढी वर्षं भजी तळतोय. कढईत हात जातो त्याचा? नाय जात. तिथं तेल हाय हे हाताला म्हाईत हाय." तिनं कपाळावर बोट ठेवलं. "आता हे तेल."

पुढच्या वीस वेळा ती दर चिपेला पुटपुटायची, "तेल." एकविसाव्या वेळेपासून पुटपुटणंही बंद झालं. मी म्हटलं, आता तू थोड्या चिपा सरकव, मी बघतो. ती म्हणाली, "हो, तुला पण पायजे." मी चारदा केलं, चारही बरोबर आली. म्हटलं झालं आपलं. आपण शिकवणारे.

चार वाजता हर्षला आधी उभी राहिली. तिसऱ्या डावाला मॅडमची चिप आली. हर्षलाचा हात टेबलावरून बोटभर उचलला गेला आणि तिथंच थांबला. मग हात खाली आला. टक टक. "थँक यू, मॅडम." डबा. तळवे. तळव्यांना घाम होता, तो चमकला.

पुढचे सगळे डाव तिनं मशीनसारखे वाटले.

मग मी. दुसऱ्याच डावाला मॅडमनी चिप सरकवली. टक टक केलं, थँक यू म्हटलं, डब्यात टाकली, तळवे दाखवले. एकदम झकास. वर बघितलं तर गजा पोट धरून वाकलेला.

"काय झालं?"

"उस्ताद, आता टिळा पण लावून घ्या."

शपथेवर सांगतो, हात कधी वर गेला ते मला कळलंच नाही. टक टकच्या आधी जाऊन आला होता.

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तिनं सवय मोडली. तू ती अजून धरून बसलायस. तीन महिन्यांनी दुसरी बॅच आहे. तेव्हा बघू."

हर्षलाचं नाव त्यांनी नव्या कागदावर पहिल्यापासून लिहिलं. तिनं तिथूनच बापाला फोन लावला. "मामाला सांगा, कारखान्यात दुसरं कोणी बघा." पलीकडून बाप काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती बराच वेळ नाक पुसत होती.

गुरुवारी ती निघाली. मी तिला सोडायला पनवेलला गेलो होतो. गोव्याची बस यायची होती. बाप तिच्या पिशव्यांवर बसून सगळ्या जगाकडं संशयानं बघत होता.

"मेल्या, तू गप बसला असतास तर आज या बसमध्ये तू असतास," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय की. खोटं कशाला बोलू?"

"मग ऐक. तीन महिन्यांनी मॅडमचा फोन येईल. तेव्हा दुकानात गर्दी हाय, आईला बरं नाय, असलं काय सांगायचं नाय. मी ओळखते तुला. एकदा आपटलास की तू घरात बसतोस."

बस लागली. बापानं पिशव्या उचलल्या. ती पायरीवर थांबून राहिली, मागचे लोक ढकलत होते तरी. मी काही बोलल्याशिवाय ती आत जाणार नव्हती.

म्हटलं, "रोज पहाटे शंभर चिपा. आधी माझी सवय मोडतो, मग गजाची, मग सहदेवची. आणि फोन आला की मी येणार, हर्षला. परत आपटलो तर परत येणार. शब्द."