ताईंची लावलेली यादी

रक्तपेढीच्या संगणक खोलीत त्याला सगळे चारओळ्या म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. रक्तदात्यांची यादी क्रमाने लावणारा प्रोग्राम त्याने फंक्शनल प्रकारच्या संगणकी भाषेत अवघ्या चार ओळींत लिहिला होता. पहिला क्रमांक उचलायचा, त्याहून लहान ते डावीकडे, मोठे ते उजवीकडे, आणि दोन्ही ढिगांवर पुन्हा तेच. याला क्विकसॉर्ट म्हणतात. पाहुणे आले की साहेब त्या ओळी पडद्यावर अशा दाखवत, जणू स्वतःच लिहिल्यात.

पण दर सोमवारी हाच प्रोग्राम चाळीस मिनिटं रखडायचा आणि वॉर्डांतून फोनवर फोन यायचे. चाळीस केंद्रांच्या याद्या जोडून लाखभर नावांची एक यादी करायचं काम नोंदणीच्या ताईंचं. त्या रजेवर असल्या आणि बदली माणूस बसला, की मिनिटभरात काम फत्ते. मग काय, साहेबांनी ठरवूनच टाकलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना ताईंची रवानगी तळघरातल्या भांडारात, गुडघे दुखणाऱ्या बाईला रोज सत्तावीस पायऱ्या. कागद टाइप होऊन पडला होता, फक्त सही बाकी होती.

"क्रम लावायच्या दोन-तीन पद्धती ताडून बघ आणि प्रोग्राममध्ये खोट नाही एवढं लिहून दे," साहेब त्याला म्हणाले. "नाहीतर ताई म्हणायच्या, नाचता येईना अंगण वाकडं."

चारओळ्याने ताडून पाहिलं. विस्कटलेल्या यादीवर त्याचा क्विकसॉर्ट भलताच चपळ निघाला. मग त्याने ताईंची यादी घातली. चाळीस मिनिटं. फाईल उघडून बघतो तर पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत क्रमांक ओळीने लावलेले, एकही इकडचा तिकडे नाही. यादी आधीच लावलेली असली, की पहिला क्रमांक सगळ्यांत लहान. डावीकडचा ढीग रिकामा आणि बाकी सगळा डोंगर उजवीकडे. प्रत्येक फेरीत एकच नाव हातावेगळं व्हायचं, अशा लाखभर फेऱ्या. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे सांगेल.

तो नोंदणीत गेला.

"ताई, याद्या क्रमाने तुम्ही लावता?"

"मग कोण लावणार? तो बदलीवाला? तो येतील तशा कोंबतो." ताईंनी चष्मा वर सरकवला. "तीन वर्षं झाली, सोमवारी सातलाच येते मी. दोन तास जातात. म्हटलं, तुमच्या मशीनला तेवढंच सोपं."

'ताई, कशाही टाका,' एवढं म्हटलं असतं तर साप मेला असता आणि काठीही तुटली नसती. चार ओळी शाबूत, ताई जागेवर. पण वाक्य त्याच्या तोंडून फुटेना. त्याला स्वतःची लाज वाटली. तो परत गेला आणि अहवालात लिहिलं: दोष यादीचा नाही, माझ्या चार ओळींचा आहे.

साहेबांनी तो दोनदा वाचला आणि बदलीचा कागद फाडला.

त्याने मर्ज सॉर्ट बसवला, आधीच क्रमात असलेले तुकडे ओळखून तेवढेच जोडणारा. एकतीस ओळी झाल्या. आता विस्कटलेल्या यादीला दोन सेकंद लागत आणि ताईंच्या यादीला एक. साहेबांनी या वेळांच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "म्हणजे बाई दोन तास खपतात ते एका सेकंदासाठी? सांग त्यांना, नऊला या."

त्याने निरोप दिला, फक्त नऊला या एवढाच. ताईंनी मान हलवली.

सोमवारी तो पावणेनऊला आला, तर नोंदणीत दिवा चालू. ताई शेवटचं केंद्र जोडत होत्या.

"नऊला म्हणालो होतो ना, ताई."

"घरी बसून काय करू? घ्या, लावलीये."

त्याने यादी घातली आणि बटण दाबलं. बोट उचलेपर्यंत काम झालेलं.

"झालं?" ताई खुर्ची ओढून पडद्याजवळ आल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बघा. मी म्हटलं नव्हतं, सोपं जाईल म्हणून?"

"हो, ताई," तो म्हणाला. "तुमच्यामुळेच."