चिनहटपर्यंत न पुरलेला शब्द

पंढरीनाथकाका सातभाईंचं हसणं गणपतीत बंद पडलं, आणि ते माझ्यामुळे बंद पडलं.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. तसं काहीही घडलेलं नाही. काका चिनहटला सुखरूप आहेत, कारखान्यात जातात, दोन वेळा जेवतात. मी नुसतं आमच्या लखनऊच्या मराठी मंडळाच्या परिचय-पुस्तिकेबद्दल सांगणार आहे.

पुस्तिकेत प्रत्येक सभासदाचं नाव, पत्ता, असलाच तर फोन, आणि शेवटी 'स्वभाव' असा एक रकाना. १९९३ साली एक्केचाळीसपैकी चौतीस सभासद 'मनमिळाऊ' निघाले. उरलेल्या सात जणांनी भांडून राजीनामे दिले. त्यांची समजूत घालून झाल्यावर सचिव विनयाताईंनी नियम काढला की एक शब्द एकालाच द्यायचा. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेचं काम माझ्यावर आलं. मी सारखे विनोद करतो, म्हणजे मला मराठी येत असणार, असा त्यांचा हिशेब.

यादी अंतराप्रमाणे होती, कारण अकारविल्हे लावल्यावर मागच्या खेपेला आडनावांवरून जुंपली होती. सभागृहाला खेटून राहणारे पहिले. शहराच्या पार टोकाला, चिनहटला राहणारे काका एक्केचाळिसावे.

शब्द भराभर गेले. पाण्याच्या टाकीवरून शेजाऱ्यांवर खटला भरलेले गृहस्थ 'मनमिळाऊ' झाले. चार वर्षांत ज्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता ते 'बोलके' झाले. हसतमुख, खेळकर, मिस्कील, गप्पिष्ट सगळे वाटले गेले. छावणीतल्या एका निवृत्त डॉक्टरांना 'ऋजू' दिलं, तर त्यांनी फोन करून विचारलं, "हे कशानं होतं?"

'दिलखुलास' मात्र मी काकांसाठी पेन्सिलीनं राखून ठेवला होता. तो त्यांचाच होता. फैजाबाद रोडवर जो दिसेल त्याच्यासाठी काका स्कूटर थांबवायचे. मग आरती संपता संपता पोचायचे, दारातूनच हसायचे, आणि सगळे मिळून आरती पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे.

मग मी यादीत सतरावे असलेल्या, बँकेतल्या दिनकररावांकडे पत्ता तपासायला गेलो.

"आमच्यापुढे काय लिहिलंयस, बघू?" ते म्हणाले.

मी 'काटेकोर' लिहिलं होतं. पण त्यांची जुई चहा घेऊन समोर उभी होती. मी ते खोडलं आणि 'दिलखुलास' लिहिलं. दिनकररावांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि चेहऱ्यावरची एकही सुरकुती न हलवता म्हणाले, "ठीक आहे."

"पापा? और दिलखुलास?" जुई म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यासाठी मी काकांचा शब्द दिला. बाकीच्या सबबी खोट्या आहेत.

शेवटी माझ्याकडे दोनच शब्द उरले, 'काटेकोर' आणि 'वक्तशीर'. काटेकोर फारच कोरडा वाटला. म्हणून केवळ प्रेमापोटी मी काकांना 'वक्तशीर' दिला.

रविवारी दुपारी पुस्तिका वाटली. सभागृहात हशा पिकला. "यश्या, काय टोला हाणलास रे!" लोक माझी पाठ थोपटत होते. आयुष्यात मी एकदाच विनोद केला नव्हता, आणि तोच सगळ्यांना आवडला. काकाही हसले, जरासे. मग त्यांनी घड्याळ बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून ते आरतीला दहा मिनिटं आधी यायला लागले. कडेच्या खुर्चीवर बसायचे, प्रसाद घेऊन निघायचे. कुणाच्या सासूच्या गुडघ्याची चौकशी नाही की काही नाही.

विसर्जनानंतर मी चिनहटला गेलो. मालिनीकाकूंनी दार उघडलं.

"काय लिहिलंस रे बाबा? आधी फाटकापासून घरात यायला यांना अर्धा तास लागायचा. आता सब्जीवाला विचारतो, 'बाबूजी हमसे नाराज हैं क्या?'"

काका आतून आले. "ये. पाचला येतो म्हणाला होतास. पाच वाजून चार मिनिटं झालीत."

मी हसायला तोंड उघडलं. ते विनोद करत नव्हते.

"काका, तो टोमणा नव्हता हो."

"असू दे. बरोबरच होतं तुझं. चाळीस माणसं माझ्यापायी खोळंबायची. आरती परत म्हणायची. मला आपलं वाटायचं, हौसेनं म्हणतात."

"हौसेनंच म्हणायचे!"

"तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. शेवटी मी खरं ते बोललो. "काका, शब्द संपले होते."

"चाळीस जणांना पुरले," ते म्हणाले, "आणि माझ्यापाशीच संपले?"

दिनकररावांचं आणि जुईचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी काकूंनी दिलेलं पाणी प्यायलो आणि "येतो" म्हणालो. निरोप द्यायला काका फाटकापर्यंत आले नाहीत.

घरी येऊन मी मंडळाला अर्ज लिहिला. तो असा:

मा. सचिव, सविनय सादर. सभासद क्र. १७ यांस नजरचुकीने (खोडले) हेतुपुरस्सर देण्यात आलेला 'दिलखुलास' हा शब्द त्यांच्याकडून काढून सभासद क्र. ४१ यांच्या नावे पूर्वलक्षी प्रभावाने वर्ग करण्यात यावा. सदर शब्द क्र. १७ यांनी अद्याप वापरलेला नसल्याने तो कोऱ्या स्थितीत आहे. तसेच रविवार, दिनांक ११ सप्टेंबर १९९४ ची दुपार मंडळाच्या कार्यकाळातून वगळून, क्र. ४१ यांना ती न घडल्याचे लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.