शेजारी आलेले दोन स्क्रू

ज्या वर्षी स्तामाताची धाकटी मुलगी गारिफालिया लग्न होऊन सासरी गेली, त्या १९९८ सालच्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे, खालच्या जबड्याची. लग्नाच्या फोटोत आई बोळकी दिसू नये म्हणून मुलीनेच हट्ट धरला होता. जवळच्या कारिस्तोस शहरातल्या एका कारागिराने स्तामाताच्या हिरडीचा ठसा घेतला, प्लास्टरचा साचा केला आणि मला घडवून, घासून चकचकीत केले.

माझ्याबरोबर वरच्या जबड्याची कवळीही घडली. तिला मी बहीण म्हणते, पण खरे सांगायचे तर पहिला हेवा मला तिचाच वाटला. ती टाळूला चिकटून बसते, हलत नाही. मला काय मिळाले? बोटाएवढ्या रुंदीची हिरडी आणि दिवसभर ढकलणारी जीभ.

तरी सुरुवातीची वर्षे कौतुकाची होती. पावाची कडक कड मी तोडली, वाळके चीज चावले. शेजारणी म्हणायच्या, "दहा वर्षांनी लहान झालीस गं, स्तामाता!" मी फुलून जायचे.

एक गोष्ट मात्र मला जमली नाही, आणि स्तामाताला नेमकी तीच हवी होती. आमचे गाव ग्रीसमधल्या एव्हिया बेटाच्या डोंगरात, दरीच्या दोन्ही अंगांना पसरलेले आहे. इथली जुनी माणसे दरीपलीकडच्या माणसाशी शिट्टीने बोलतात. नुसता इशारा नव्हे, पुरी वाक्ये. स्तामाताचा थोरला भाऊ आर्गिरिस पलीकडे शेळ्या राखायचा. लहानपणापासून ती दोघे रोज संध्याकाळी अशी बोलायची. पण त्या शिट्टीसाठी जीभ खालच्या दातांवर रेटावी लागते. दात पडले आणि स्तामाताची बाजू बंद झाली. आर्गिरिस शिट्टी घालायचा, ती तांब्याचे पातेले बडवून उत्तर द्यायची. एक ठोका म्हणजे बरी आहे.

मी आल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात अंगणाच्या कडेला उभे राहून छाती भरून श्वास घेतला, जीभ माझ्यावर रेटली, आणि मी तोंडातून सुटले ती थेट खालच्या झुडपात! पलीकडून शिट्टी आली.

"काय उडालं गं ते? चिमणी?"

स्तामाताने रागाने पातेले बडवले. नंतर मला धुताना ती म्हणाली, "तुझ्यापेक्षा बोळकं बरं होतं." हा शब्द मी विसरले नाही.

अठरा वर्षे अशीच गेली. हिरडी झिजत गेली, मी अधिकच डगमगू लागले. मग २०१६ साली गारिफालियाने आईला कारिस्तोसच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, "जबड्यात दोन इम्प्लांट घालू. छोटे स्क्रूच असतात. तीन महिन्यांत हाड त्यांना घट्ट धरतं."

"मग शिट्टी येईल?" स्तामाताने विचारले.

"आजी, मी दातांचा डॉक्टर. शिट्टीचं तुम्ही बघा. पण पुढचे दात हलणार नाहीत, एवढं नक्की."

मी टेबलावर वाटीत पडून ऐकत होते. आता माझी रवानगी कचऱ्यात, एवढेच मला समजले. ते दोन स्क्रू बंद डबीतून आले. डॉक्टरांनी त्यांना हातमोज्यांनीही जपून उचलले आणि स्तामाताच्या जबड्यात बसवले. मी अठरा वर्षे हिरडीची मनधरणी केली, आणि यांना हाड स्वतःहून मिठी मारणार! मत्सराने मी आतून काळी पडले, मित्रांनो. गुलाबी रंग फक्त वरून राहिला.

डॉक्टरांनी बजावले होते, "दोन आठवडे कवळी घालायची नाही. पुढेही मी आतून मऊ अस्तर लावून देईन तेव्हाच." पण दहाव्या दिवशी ईस्टर आला. अंगणात अख्खे करडू भाजले जात होते आणि गारिफालियाच्या सासरची माणसे जेवायला आली होती.

"आई, नको घालूस," गारिफालिया म्हणाली.

"मग काय व्याह्यांपुढे पेज पीत बसू? गप बस तू."

तिने मला घातले. मी मनात आणले असते तर टोचले असते. एका जागी टोचणे मला चांगले येते, आणि तिने लगेच मला काढून ठेवले असते. मी टोचले नाही. गुपचूप बसले. तिने मांस चावले, हाडाचा मगज काढला, आणि प्रत्येक घासाचा जोर मी डाव्या स्क्रूवर पोहोचवला.

जून महिन्यात डॉक्टरांनी त्या स्क्रूला चिमटा लावला आणि तो गर्रकन फिरला.

"हा गेला, आजी. हाडाने धरायच्या आधीच जोर पडला. काढावा लागेल. जखम भरली की नवा घालू, मग परत तीन महिने."

"म्हणजे कधी?"

"डिसेंबर."

डॉक्टरांनी मला हातात घेऊन उलटे केले. "आणि कवळीही तोवर बंद. काही करून हिला जपा. त्या स्क्रूंवर हीच तर बसवायची आहे."

"नवी नाही?" गारिफालियाने विचारले.

"कशाला? हिचे दात चांगले आहेत. आतून दोन खाचा केल्या की टिचकन बसेल."

मित्रांनो, ज्यांचा मी एवढा द्वेष केला, ते मला धरायला आले होते.

ऑगस्टमध्ये आर्गिरिस खडकावरून घसरला आणि त्याने अंथरूण धरले. गारिफालिया आईला गाडीने लांबच्या वळणाने पलीकडे घेऊन गेली. मी स्तामाताच्या पिशवीत, फडक्यात होते. स्तामाता भावाच्या खाटेजवळ बसली.

"काय गं बोळके," आर्गिरिस म्हणाला, "असं जवळ बसून मला काही सुचत नाही. आयुष्यात कधी बोललोय आपण असं? घरी जा. दात बसले की तिकडून बोल."

"डिसेंबरपर्यंत थांब मग."

"तुझ्या दातांच्या तालावर मी जगू होय?" तो हसला, आणि हसताना त्याला कळ आली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी मला त्या स्क्रूंवर बसवले. टिचकन आवाज झाला आणि जन्मात पहिल्यांदा मी स्थिर झाले. त्याच संध्याकाळी स्तामाता अंगणाच्या कडेला गेली. जीभ माझ्यावर रेटली. मी तसूभर हलले नाही. शिट्टी अखंड, धारदार निघाली आणि दरी ओलांडून गेली. तिने भावाचे नाव घेतले, मग एक लांब वाक्य बोलली. ते काय होते ते मी सांगणार नाही. ते माझ्यासाठी नव्हते. तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

आजही तिला शेजारणी म्हणतात, स्क्रू किती छान बसलेत! माझे नाव कोणी घेत नाही. मला झोंबते. रात्री मी पेल्यात उतरते, ते मात्र तिच्या हाडातच राहतात, याचाही हेवा वाटतो. तो स्वभाव गेला नाही. पण मित्रांनो, तुमच्या जागेशेजारी कोणी नवे आले, तर ते कशासाठी आले आहे हे आधी विचारून घ्या. आणि डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितले, तर दोनच आठवडे मोजा. दहा दिवस नव्हे.

स्तामाताचा भाऊ आर्गिरिस २७ ऑक्टोबर २०१६ रोजी, गुरुवारी सकाळी, आपल्या घरी वारला.