बाबांच्या मापाची वाट

जपानी बाग म्हणजे लाल पूल, एवढं आमच्या साहेबांना पक्कं माहीत होतं. पाणी कुठे आहे, असं मी विचारलं तर म्हणाले, "पाण्याचं नंतर बघू हो. आधी पूल तर होऊ दे." अठ्ठावीस वर्षं मी महापालिकेच्या उद्यान विभागात बागांचे नकाशे काढते आहे. कारंज्यांचं वेड असलेले साहेब झाले, झुडपांचे हत्ती कापून मागणारे झाले. पूर्वी मी प्रत्येकाशी वाद घालायचे आणि घरी येऊन डोकं दाबून झोपायचे. या वेळी मी निमूटपणे पूल काढून दिला. उरलीसुरली ताकद मला पायवाटेसाठी राखून ठेवायची होती.

जागा जुन्या बसडेपोची होती. एका फाटकासमोर बसथांबा, दुसऱ्या फाटकापलीकडे ऑफिसांच्या इमारती आणि भोवती दिवसभर हॉर्न. डेपो हलल्यापासून लोकांनी मधून तिरका रस्ता पाडला होता आणि सकाळी सगळी गर्दी तिथून पळत सुटायची. साहेबांचं म्हणणं एवढंच की बाग करा, पण लोकांच्या आडवी आणू नका, मधून सरळ सिमेंटचा रस्ता काढा. माझ्या नकाशात चाकांच्या खुर्च्यांसाठी कडेने सपाट रस्ता होता, पण मधल्या तिरक्या वाटेवर मात्र शेवाळात एकेक चपटा दगड, जमिनीला लागून. जपानी बागेत दगड असे मांडतात की माणसाला खाली बघून चालावं लागतं. त्याचा वेग आपोआप कमी होतो, आणि जिथे तो थांबून मान वर करतो तिथे बाग दिसते. हे मी तीन बैठकांमध्ये सांगितलं. तिसऱ्या बैठकीत साहेबांनी जांभई दिली. "बरं, होऊ द्या तुमच्या मनासारखं. पूल तेवढा मोठा करा."

बैठकीत सांगितलेलं सगळं खरं होतं, पण माझं खरं कारण घरी खुर्चीत बसलं होतं.

बाबा त्याच डेपोत चौतीस वर्षं ड्रायव्हर होते. कंपवात होऊन त्यांना आता सहा वर्षं झाली. हात थरथरतो, चहा सांडतो, त्याचं आम्हा दोघांनाही फारसं काही वाटत नाही. वाईट आहे ते पायांचं. चालता चालता ते जमिनीला चिकटतात. दारात चिकटतात, गर्दीत चिकटतात, आणि मागून कोणी घाई केली की हमखास. आठ महिन्यांपूर्वी बसमधून उतरताना ते दारातच अडकले. मागून कोणीतरी ओरडलं, "आजोबा, उतरताय की मुक्काम करताय?" सगळी बस हसली. ते त्यांनी सोडून दिलं असतं. पण ड्रायव्हरने मान वळवून घड्याळाकडे बघितलं, ते त्यांना फार लागलं. त्या दिवसापासून बाबा आपण होऊन घराबाहेर पडले नाहीत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, असेच बसून राहिले तर वर्षभरात अंथरूण धरतील.

एक उपाय मात्र लागू पडला होता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी जमिनीवर पिवळ्या पट्ट्या आडव्या चिकटवून दिल्या. समोर पट्टी दिसली की बाबांचा पाय सुटतो आणि पट्टीवर जाऊन पडतो. असं का होतं ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण होतं खरं. पलंगापासून बाथरूमपर्यंत, तिथून स्वयंपाकघरापर्यंत आमच्या घरभर पट्ट्या आहेत. "विमानं उतरायची तेवढी बाकी आहेत," असं बाबा म्हणतात. पण शहरभर पट्ट्या मी कुठून चिकटवणार होते? रोज ऑफिसात बसून मी हाच विचार करायचे, आणि एक दिवस माझ्या टेबलावर जपानी बागेची फाइल आली.

बाबा दुपारी झोपलेले असताना मी पट्ट्यांमधली अंतरं मोजली. उजवा पाय चौदा इंच टाकतात, डावा अकरा. त्या मापाने फाटकापासून फाटकापर्यंत शहाण्णव दगड बसत होते, वीतभर रुंद आणि हातभर लांब. निम्म्यावर वाट वळते, तिथे डेपोतलं जुनं झाड आणि त्याखाली बाक. नकाशात मापाच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'पारंपरिक जपानी माप'. अठ्ठावीस वर्षांत नकाशावर खोटं लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ.

उद्घाटन सोमवारी होतं. आदल्या सोमवारी मी जागेवर जाऊन खडूने शहाण्णव खुणा केल्या, आणि मंगळवारी पहाटे बाबा बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण क्ष-किरणांच्या खोलीबाहेर आणि मग त्यांच्या उशाशी माझे तीन दिवस गेले. शुक्रवारी जागेवर गेले तर दगड लावून वाट तयार होती. सरळसोट. दगड एका ओळीत, एका पातळीत, आणि प्रत्येक दोन दगडांमध्ये सारखं अंतर, चांगलं ढांगभर.

गवंडीकाम बघणारे मिस्त्री हातावर दोरी गुंडाळत उभे होते. वय सत्तरीच्या घरात, कामाला पक्के, आणि दोरी लावल्याशिवाय वीटसुद्धा न ठेवणारे.

"मॅडम, रागावणार नसाल तर सांगतो," ते म्हणाले. "त्या खडूच्या खुणा कोणीतरी पिऊन केल्या होत्या."

"त्या मी केल्या होत्या, मिस्त्री."

ते जरा गडबडले. "मग घाईत असाल. एक पाऊल मोठं, एक लहान, आणि दोन्ही पोराटोरांच्या मापाची. म्हटलं, मॅडमच्या घरी आजारपण आहे, आणि सोमवारी मोठी माणसं येणार. तुमचं नाव जायला नको. म्हणून चोवीस इंचांवर सगळं सरळ करून घेतलं." मग बाजूच्या ढिगाकडे बोट दाखवून अभिमानाने म्हणाले, "शेहेचाळीस दगड वाचवले!"

मी कपाळाला हात लावला आणि तिथेच एका पालथ्या घमेल्यावर बसले. ओरडावं असं वाटलं, पण भांडायलाही अंगात काही शिल्लक असावं लागतं. आणि ओरडणार तरी कोणावर? त्यांनी माझी अब्रू वाचवली होती. तेवढ्यात साहेब फेरी मारायला आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत भरभर चालून गेले आणि तिकडून ओरडले, "वा! शेवटी मी म्हणत होतो तेच केलंत की!" पुलाचा रंग सुकला का ते बोटाने बघितलं, बोट रुमालाला पुसलं आणि गेले.

जाऊ दे, असं मी मनात म्हटलं. आजवर इतक्या गोष्टी जाऊ दिल्या, त्यात ही एक. मला घरी जाऊन फक्त झोपायचं होतं.

मिस्त्री अजून समोरच उभे होते. "मॅडम, दगड चुकले का?"

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. बसचं दार, पट्ट्या, चौदा इंच, अकरा इंच. मिस्त्री ऐकत दोरी गुंडाळत राहिले.

"मग आधी का नाही बोललात?"

"काय बोलू? नकाशात काय लिहू, माझ्या बापाच्या मापाची वाट म्हणून?"

"लिहायचं होतं," ते म्हणाले. "बापाचं माप मी चुकवलं नसतं." मग त्यांनी घराचा पत्ता विचारला. मी दिला, आणि पुन्हा त्याचा विचारही केला नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजता दारात मिस्त्री. हातात मोजपट्टी, कानावर खडू. बाबा खुर्चीत बसले होते.

"नमस्कार. मी बागेचा मिस्त्री. तुमची पावलं मोजायला आलोय."

"माझी? का?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांना काही सांगितलेलं नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आता लपवून उपयोग नव्हता. मी सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे माझी फरफट सगळ्या शहराला दाखवायला निघालीस? पाटी पण लाव ना तिथे. हा बघा, हा असा चालतो."

"बाबा, कोणाला कळणार नाही..."

"मला कळेल! काही नको. सरळ झालीये ना वाट? सरळच राहू दे." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मिस्त्री मात्र कोणी न सांगता जमिनीवर बसले आणि पिवळ्या पट्ट्या बघायला लागले.

"दादा, चौतीस वर्षं गाडी चालवलीत म्हणे. गर्दीच्या वेळी म्हातारं माणूस चढायला लागलं तर काय करायचात?"

बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले, "थांबायचो. अजून काय करणार?"

"मागचे बोंबलायचे नाहीत?"

"बोंबलायचे की. ब्रेकवर पाय माझा होता."

"तेच म्हणतोय मी. वाटेत दगड मी लावतोय. एकदा लावले की बोंबलून हलत नाहीत." मिस्त्रींनी कानावरचा खडू काढला. "चाळीस वर्षं लोकांना माझ्या दोरीवर चालवलं. हौस फिटली. तुम्ही उठणार आहात, की मी चहा घेऊन जाऊ?"

बाबांनी मान वळवली. आधी मिस्त्रींकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय दिसलं असेल त्यांना? तीन रात्रींचं जागरण, न विंचरलेले केस. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला.

"डावा पाय आधी मोज," ते म्हणाले. "तो जास्त हट्टी आहे."

शनिवार-रविवार मिस्त्री आणि त्यांची चार माणसं खपली. दगड वाळूत बसवलेले होते म्हणून निघाले तरी. वाचवलेले शेहेचाळीस दगड परत आत गेले. मिस्त्रींनी दोरी खिशात ठेवली आणि गुडघ्यांवर बसून एकेक दगड खडूच्या खुणेवर मांडला. माझी मापं त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्तही केली. वळणावर बाबांचा डावा पाय अकराऐवजी नऊ इंचच पडतो, ते मला सहा वर्षांत दिसलं नव्हतं.

सोमवारी साहेबांनी वाट बघितली आणि माझ्या कानाशी आले. "हे पुन्हा वाकडं कसं झालं?"

"पारंपरिक जपानी माप आहे, साहेब."

त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि पाहुण्यांना पुलाकडे घेऊन गेले.

बाबा उद्घाटनाला आले नाहीत. मी आग्रहही केला नाही. मंगळवार गेला. बुधवारी सकाळी सात वाजता ते म्हणाले, "माझे बूट कुठे ठेवलेस?" आठ महिन्यांत त्या बुटांवर धूळ चढली होती. मी ती पुसताना ते नुसते बघत बसले.

रिक्षाने फाटकापर्यंत गेलो. फाटकातच त्यांचे पाय चिकटले. मागे नुकतीच बस थांबली होती आणि माणसं आमच्याकडे येत होती. कोणीतरी मागे च् केलं. बाबांनी मान खाली घातली, पहिल्या दगडाकडे बघितलं. डावा पाय उचलला गेला आणि दगडावर पडला. मग उजवा. मग डावा. मी त्यांच्या कोपराजवळ हात धरून शेवाळातून चालत होते, पण हात लावावा लागला नाही. वळणावर नऊ इंच. मी मनात मोजत होते. अठ्ठेचाळिसाव्या दगडानंतर बाक आला आणि ते धपकन बसले. मीही बसले.

मग त्यांनी मान वर केली. आमच्या मागून आलेली माणसं आता समोरून जात होती. बॅगा काखेत, फोन कानाला, आणि पावलं मात्र एक चौदा इंच, एक अकरा. कोणी दोन दगड एकदम ओलांडायला जायचा, शेवाळावरून बूट सरकायचा आणि तो निमूटपणे दगडांवर परत यायचा. वळणावर तर सगळ्यांचाच डावा पाय अडखळत होता.

"तो बघ, टायवाला," बाबा म्हणाले. "डावा कसा टाकतोय बघ. सहा वर्षं लागली मला असं चालायला. याला दोन मिनिटांत जमलं." आणि ते हसायला लागले. त्यांचे खांदे हलत होते, आणि या वेळी ते आजाराने हलत नव्हते.

मी बाकाला मान टेकली. डोळे मिटत होते. रहदारीचा आवाज तसाच होता, काही कमी झाला नव्हता. जरा वेळाने मी म्हटलं, "निघायचं का, बाबा? गर्दी वाढेल आता."

"थांब गं," ते म्हणाले. "साडेनऊची बस येऊ दे. खरी गर्दी तिला असते."