तिच्या वाफेचा टॉवेल

मी टॉवेल बोलतोय. कपाटातल्या अगदी खालच्या फळीवरून बोलतोय, तेव्हा आवाज जरा दबका येईल. माझ्या एका काठाला निळ्या दोऱ्याची टीप आहे. ती माझ्या मालकिणीने घातलेली. ती शिवणकाम करते. हात सफाईदार, पण डोकं दुखायला लागलं की राग अगदी नाकाच्या शेंड्यावर.

खरं तर मला आणलं अंग पुसायला. तिच्या डोकेदुखीपायी माझी बदली स्वयंपाकघरात झाली. गरम पाण्याचं पातेलं, त्यावर तिचं वाकलेलं डोकं आणि वरून मी. दिवसभर सगळ्यांवर खेकसणारी ती माझ्याखाली आली की गरीब गाय व्हायची. रडून घ्यायची आणि लाल डोळ्यांचं खापर वाफेवर फोडायची.

कापड बेतायला वाकली की भुवयांमध्ये ठणका उठायचा. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून नाक तपासलं. आतलं हाड वाकडं होऊन बाजूला टेकत होतं, नाकही कायम चोंदलेलं. पण त्यांनी ऑपरेशनची घाई केली नाही. आधी फवारा, गोळ्या, मिठाच्या पाण्याने नाक धुणं. थोडा उतार पडला, पण दुखणं काही मुक्काम हलवेना.

घरात दोन तट पडले.

"नाकाला कसली सुरी लावतेस?" तिची आई म्हणाली. "वाफ घे नेमाने."

"आई, वाफेने भिंतीचा रंग उडाला," भाऊ म्हणाला. "करू दे तिला एकदाचं."

मी आईच्या बाजूचा. का, ते तुम्ही ओळखलंच असेल.

मग एकदा ऐन ठणक्यात, दुखणं तिथूनच येतं का ते बघायला, डॉक्टरीणबाईंनी ती टेकणारी जागा औषधाने बधिर करून पाहिली. ती घरी आली ती गुणगुणतच. टेबलावर वाकून तिने अख्खा कोट कापला. संध्याकाळी औषध उतरलं आणि ती पुन्हा माझ्याखाली आली.

"आजच्यासारखी दुपार रोज मिळावी," ती पुटपुटली. "बाकी काही नको."

माझ्याकडे देण्यासारखी फक्त वाफ होती.

"डोकं दुखायचं थांबेलच अशी हमी डॉक्टर देत नाहीत," तिने भावाला सांगितलं. "तरी मी करून घेणार."

ऑपरेशन झालं. काही आठवडे नाक धुण्यात आणि खपल्या सुटण्यात गेले. मग दुखणं हळूहळू पांगलं. आता कधी सर्दीत कुरकुरतं, तेवढ्याला एक गोळी पुरते. पातेल्यात बटाटे उकडतात. ती टेबलावर वाकून गुणगुणते, ते मला इथवर ऐकू येतं.

मला तिची फार आठवण येते. तिचं दुखणं परत यावं असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण ती यावी असं वाटतं. दुखणं वगळून ती कशी मागायची, ते मला कळत नाही.

परवा कपाट आवरताना आई म्हणाली, "फाड तो जुना टॉवेल. मशीन पुसायला होईल."

मालकिणीने कात्री घेतली. मला उचललं, सवयीने तोंडाशी नेलं आणि नाकाने खोल श्वास घेतला. ती थबकली.

"आई, याला वास आहे."

"असणारच. धुतला की जाईल."

"नको," ती म्हणाली. "राहू दे तसाच."

इतकी वर्षं तिचं तोंड माझ्यात होतं, पण माझा वास तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. तिने कात्री ठेवली, माझी घडी घातली आणि मला पुन्हा फळीवर ठेवलं.

बाई, एक विनंती आहे. कधी सहज ये. पातेलं नको, पाणी नको. नुसती ये.